रविवारची पहिली गोळी

आजी बरोबर आली असेल, तर माझं निम्मं काम तिथेच होतं. नाशिकच्या माझ्या ओपीडीत निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी अशी सगळीकडची मुलं येतात आणि बहुतेकांच्या आईच्या पर्समध्ये शाळेची चिठ्ठी असते: एका जागी बसत नाही, वही अपुरी, शेजारच्याला त्रास देतो. आई चिठ्ठी वाचून दाखवते, वडील मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि मुलाने तोवर माझा वजनकाटा चारदा चालू-बंद केलेला असतो. मग आजी तोंड उघडते. "ह्याचा बाप तरी कुठे वेगळा होता? मास्तर घरी यायचे तक्रार घेऊन. झाडावरून पडून दोनदा हात मोडून घेतलाय त्याने." वडील कसनुसं हसतात. मी केस पेपरवर कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात एक ओळ लिहिते.

(इथल्या मुलांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.)

आजीचं हे निरीक्षण शास्त्राला धरूनच असतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, ही बालमानसोपचारातल्या सर्वांत आनुवंशिक अवस्थांपैकी एक मानली जाते. जुळ्यांच्या अनेक अभ्यासांची सरासरी काढली, तर आनुवंशिकतेचा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास येतो. हे मी सांगते तेव्हा पहिल्यांदा बदलतो तो आईचा चेहरा. वर्षानुवर्षं तिने ऐकलेलं असतं की तू लाडावून ठेवलंस, तू नोकरी करतेस म्हणून, तूच त्याच्या हातात मोबाइल दिलास. एक आई तर तिथेच नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? मग आता आत्याबाईंना पण सांगा."

पण मग पाळी वडिलांची येते. कांद्याच्या व्यापारातले एक गृहस्थ होते, लासलगावच्या बाजाराचे भाव तोंडपाठ असलेले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते पुढचा प्रश्न विचारत. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे झालं हे?" आईवरचा दोष काढून बापाच्या डोक्यावर ठेवायला मी हा आकडा सांगितलेला नसतो, पण घरात आकड्याचा तसा वापर होतोच. ७४ टक्के म्हणजे या मुलाच्या चंचलतेचा पाऊण हिस्सा बापाकडून आला, असं नाही. लोकालोकांत अवधानाच्या बाबतीत जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला एवढा वाटा त्यांच्या जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, इतकंच तो आकडा सांगतो. समोर बसलेल्या एका मुलाबद्दल तो काहीच सांगत नाही. आकडा मोठा म्हणून इलाज नाही, असंही नाही. चष्म्याचा नंबरही घराण्यातून येतो आणि चष्मा लावता येतो.

नव्वदच्या दशकात आम्हा डॉक्टरांनाच वाटत होतं की 'एडीएचडीचा जीन' सापडायची आता फक्त वेळ आहे. डोपामिन हे मेंदूतलं रसायन ज्याला चिकटतं तो ग्राहक आणि डोपामिन परत आत ओढून घेणारा वाहक, या दोघांच्या जनुकांवर सगळ्यांचा डोळा होता. त्यांचा संबंध निघाला, पण फार बारीक. मग हजारो लोकांची जनुकं एकत्र तपासायचं युग आलं. २०१९ साली वीस हजारांवर एडीएचडी असलेले आणि पस्तीस हजार नसलेले लोक तपासून डीएनएवरच्या बारा जागा हाती लागल्या. २०२३ मध्ये रुग्णांची संख्या अडतीस हजारांच्या वर गेली आणि जागा सत्तावीस झाल्या. एकेका जागेचा परिणाम नगण्य. असे हजारो किरकोळ फरक मिळून एखाद्याचा कल घडतो, आणि त्यातले बरेचसे फरक नैराश्यात, स्वमग्नतेतही सामायिक आहेत. ही सगळी माणसं मुख्यत्वे युरोपीय वंशाची, हे मला पुन्हा पुन्हा आठवावं लागतं. येवल्याच्या मुलाची जनुकीय गुणपत्रिका त्या तक्त्यावरून काढायची म्हणजे दुसऱ्याच बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरून त्याला मार्क देण्यासारखं आहे.

तरीही अशा गुणपत्रिका माझ्या टेबलावर येऊ लागल्या आहेत. आयटीत काम करणारे एक वडील मुलाच्या लाळेची तपासणी करून रिपोर्ट घेऊन आले. छान गुळगुळीत कागद, औषधांची नावं हिरव्या, पिवळ्या, लाल रकान्यांत. "मॅडम, हिरव्यातलंच सुरू करू या ना." आपल्या मुलावर प्रयोग नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला अगदी समजतं. म्हणून मी रिपोर्ट बाजूला सारला नाही, ओळीओळीने वाचला. त्यात कामाची एक गोष्ट होती. ॲटोमोक्सेटिन या औषधाला यकृतातलं एक विशिष्ट एन्झाइम मोडतं. काही माणसांत ते एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही; त्यांच्या रक्तात औषध निम्मं व्हायला पाच तासांऐवजी एकवीस तास लागतात आणि तेवढ्याच डोसमध्ये रक्तातलं औषध दसपटीपर्यंत जातं. अशा मुलाला डोस जपून, सावकाश वाढवायचा, हे कळलं तर उपयोगच आहे. पण औषध लागू पडेल की नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि जे औषध मला आधी द्यायचं होतं त्या मिथाइलफेनिडेटची निवड करायला आज तरी कुठलीही जनुकीय चाचणी भरवशाची नाही. वडिलांना मी म्हटलं, "तुम्ही ज्याला प्रयोग म्हणता, तो करावाच लागेल. फक्त तो नीट करू."

दुसरी मागणी एमआरआयची. "एकदा मेंदूचा फोटो काढून बघू" हे वाक्य महिन्यातून कितीदा तरी ऐकते. मुलाचा मेंदू आतून वेगळा दिसेल आणि मग शाळेचं, सासरचं, सगळ्यांचं तोंड बंद होईल, अशी आशा त्यामागे असते. अभ्यासांत फरक दिसतात, हे खरं आहे. २००७ साली फिलिप शॉ आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी एडीएचडीच्या २२३ मुलांचे स्कॅन तेवढ्याच इतर मुलांशी ताडून पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वाढत जाऊन एका टप्प्यावर शिगेला पोहोचते आणि मग कमी होऊ लागते. इतर मुलांत हा टप्पा साधारण साडेसात वर्षांचा, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाचा. सगळ्यांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, म्हणजे थांबणं, आखणं, मनात धरून ठेवणं ही कामं जिथे चालतात तिथे. गंमत म्हणजे हालचालींचा भाग याच मुलांत किंचित आधी तयार झालेला दिसला.

कार्यशाळांमधून यावरून एक सुटसुटीत वाक्य फिरत असतं: दहा वर्षांचं मूल सात वर्षांचं समजा. शिक्षकांना ते आवडतं, पालकांना धीर देतं. मी ते वापरत नाही. मोजली होती थराची जाडी, मुलाची समज नव्हे. आणि तीन वर्षं हा गटाचा मध्यबिंदू आहे. २०१७ साली निरनिराळ्या देशांतले तीन हजारांहून जास्त स्कॅन एकत्र केले गेले, तेव्हा मेंदूच्या आतल्या काही केंद्रांचा आकार एडीएचडी असलेल्यांत सरासरीने थोडा लहान भरला. हा 'थोडा' इतका थोडा आहे की दोन्ही गटांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. एकट्या मुलाच्या फिल्मवरून एडीएचडी ओळखेल असा रेडिओलॉजिस्ट जगात नाही. म्हणून एमआरआय मी लिहून देते तो दुसरीच काही शंका असेल तेव्हा.

मेंदूच्या जोडण्यांबद्दलची एक कल्पना मात्र मला रोजच्या कामात उपयोगी पडते. आपण काही करत नसताना, नुसते स्वतःशी रमलेले असताना, मेंदूचं एक जाळं जागं असतं. काम हाती घेतलं की ते मागे सरतं आणि दुसरी जाळी पुढे येतात. एडीएचडीत हे मागे सरणं अर्धवट होतं आणि स्वतःशी चाललेलं मधूनच कामात घुसतं, अशी मांडणी २००७ साली झाली. अजून ती पूर्ण सिद्ध झालेली नाही. पण सिन्नरच्या एका सातवीतल्या मुलीने मला हेच आपल्या शब्दांत सांगितलं होतं: "बाई शिकवतात ते मला ऐकू येतं, पण मध्येच माझंच काहीतरी सुरू होतं आणि परत येते तोवर फळा पुसलेला असतो." ती कुणाला त्रास देत नव्हती, खुर्चीवरून उठत नव्हती, म्हणून पाचवीपर्यंत तिला कुणी दवाखान्यात आणलंच नाही. मुली अशाच मागे राहतात. घरचे 'स्वप्नाळू' म्हणतात, बाई 'आळशी' म्हणतात.

गोळीकडे वळण्याआधी मी जे सगळं पाहते त्याची यादी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून चालत नाही. ऐकू नीट येतं का, रात्री घोरतो का, क्षणभर नजर हरवणाऱ्या फिट्स तर नाहीत, घरात काय चाललंय, अध्ययन अक्षमता आहे का. आणि जन्मतारीख. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे वेगवेगळ्या देशांत दिसून आलं आहे. लवकर शाळेत घातलेला मुलगा वर्गातल्या वर्षभर मोठ्या मुलांच्या तुलनेत चंचल ठरतो, यात त्याचा काय दोष?

मिथाइलफेनिडेट बाजारात आलं १९५४ साली, पण या जातीच्या औषधांची गोष्ट त्याआधीची आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका संस्थेत चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते. त्या काळी मेंदूचा एक्स-रे काढायला पाठीतून पाणी काढून हवा भरत आणि मग मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्या दुखण्यासाठी त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखी काही थांबली नाही, पण तीस मुलांपैकी निम्म्यांचा अभ्यास एकदम सुधारला. मुलांनीच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. मिथाइलफेनिडेट बनवणारे स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पॅनिझॉन यांनी औषधाला आपल्या बायकोच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, रिटालिन हे नाव दिलं. हे सांगितलं की ताणलेल्या आयाही हसतात, म्हणून मी ते मुद्दाम सांगते.

हे औषध मेंदूतल्या पेशींना डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन परत आत ओढून घेऊ देत नाही, त्यामुळे दोन पेशींच्या मधल्या फटीत ती रसायनं जास्त वेळ राहतात. परिणाम काय होतो, यावर २००४ सालचा एक छोटा अभ्यास मला आवडतो. निरोगी प्रौढांना गोळी देऊन गणितं सोडवायला दिली, तर डोपामिन वाढलं आणि ती गणितं त्यांना जास्त रंजक वाटू लागली. ब्रॅडलीच्या मुलांनी गोळ्यांना दिलेलं नाव मला तेव्हापासून जास्तच पटतं.

आता नेहमीचा गैरसमज: गोळी लागू पडली म्हणजे रोग पक्का. पालकच नव्हेत, काही डॉक्टरही असं समजतात. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी एडीएचडी नसलेल्या चौदा मुलांना याच जातीच्या औषधाचा एकच डोस दिला. तीही शांत झाली, त्यांचंही लक्ष सुधारलं. तेव्हा औषधाने निदान होत नाही. निदान आधी, औषध नंतर, हा क्रम मी सोडत नाही.

सुरुवात मी रविवारी करायला सांगते. सकाळी पोटभर खाऊन सर्वांत कमी डोसची, पाच मिलिग्रॅमची साधी गोळी. तिचा असर तीन ते चार तास. त्या वेळात आईने घरीच राहायचं, एका वहीत लिहायचं: किती वाजता दिली, चित्रकलेच्या वहीवर किती वेळ बसला, भावाशी भांडला का, दुपारी जेवला का, ओसरताना चिडचिड झाली का, झोप कधी लागली. 'चांगला होता' असं लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. मग शाळेचे दिवस, शाळेतल्या बाईंचा आठवड्याचा तक्ता, आणि दर थोड्या दिवसांनी डोसात बारीकसा बदल. साधारण दहातल्या सात मुलांना हे औषध उपयोगी पडतं. कोणती सात, ते ना लाळ सांगते, ना स्कॅन, ना आजी. वहीतून मात्र कळतं. सिन्नरच्या त्या मुलीला मिथाइलफेनिडेटने पोटात दुखायचं, रडू यायचं; वहीत ते इतकं स्पष्ट होतं की मी पंधरवड्यात बंद केलं. मग ॲटोमोक्सेटिन सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तिच्या आईने ते आठवडे कळ काढली. पुढच्या चाचणीत फळ्यावरचं सगळं वहीत उतरलेलं होतं, असं तिने मला वही उघडून दाखवलं.

डबा न खाता परत येणं ही सर्वांत मोठी तक्रार. औषधाने भूक मरते. त्यावर डॉक्टरी तोडगा काही नाही, घरचाच आहे: गोळीच्या आधी भरपेट न्याहारी, संध्याकाळी असर उतरला की पाच-साडेपाचला भाकरी-भाजी किंवा पोहे, आणि झोपताना दूध. दर तीन महिन्यांनी मी वजन-उंची आलेखावर मांडते, नाडी आणि ब्लड प्रेशर बघते. आज्या या बाबतीत पक्क्या असतात. "पोरगं वाळलंय" हे त्या माझ्या आलेखाच्या आधी ओळखतात.

शाळेला मात्र मी पूर्ण ऐकत नाही. दिंडोरीकडच्या एका चौथीतल्या मुलाचा डोस वाढवल्यावर बाईंचा निरोप आला, आता एकदम गुणी झालाय. त्याच आठवड्यात आई आली. "गुणी झालाय, पण हसत नाही हो. काल मॅच चालू होती, भारताने जिंकली, हा नुसता बघत बसला." असं सपाट झालेलं मूल म्हणजे डोस जास्त झाल्याची खूण. मी कमी केला. बाईंनी कळवलं की पुन्हा थोडी चुळबुळ सुरू झालीय. असू द्या, म्हटलं. चौथीतल्या मुलाने थोडी चुळबुळ करावी. वर्ग शांत ठेवणं हे माझ्या चिठ्ठीतलं काम नाही, आणि साठ मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी तसं मागितलं तर मला त्यांचा रागही येत नाही.

इतकी खटपट कशाला, असं तरुण सहकारी विचारतात, तेव्हा मी अमेरिकेतला १९९९ सालचा मोठा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवते. ५७९ मुलं, चौदा महिने. ज्यांचं औषध दर महिन्याला भेटून, शिक्षकांना विचारून, डोस जुळवून चाललं होतं, त्यांची लक्षणं गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या मुलांपेक्षा स्पष्ट कमी झाली. गोष्ट अशी की त्या दुसऱ्या गटातल्याही सुमारे दोनतृतीयांश मुलांना औषध मिळतच होतं. फरक डोसात होता, भेटींत होता, विचारपूस करण्यात होता. त्याच मुलांची पुढची गोष्टही मी लपवत नाही: अभ्यासातली देखरेख संपल्यावर, तीन वर्षांच्या मुक्कामाला, सगळे गट एकाच पातळीवर आले होते. औषधाने आयुष्य बदलतं असं मी कुणाला सांगत नाही. आजचा गणिताचा तास बदलतो, आणि असे तास पुरेसे साठले तर मुलगा स्वतःला 'ढ' म्हणायचं थांबवतो, एवढं पाहिलंय.

औषध मिळवण्याची एक वेगळीच तऱ्हा आहे. मिथाइलफेनिडेट अंमली पदार्थविरोधी १९८५च्या कायद्याखाली येतं, त्यामुळे तालुक्याचा मेडिकलवाला ते ठेवायला कचरतो. एक वडील त्यासाठी दर महिन्याला सुरगाण्याहून एसटीने येतात. कांद्याचा भाव पडला किंवा भातलावणी आली की फेरी चुकते, गोळी चुकते आणि वहीत आठ दिवस कोरे दिसतात. असर कमी झालाय, डोस वाढवू का, असा विचार करण्याआधी मी ते कोरे दिवस मोजते.

आणि शेवटी सगळेच विचारतात: किती वर्षं? त्या ५७९ मधल्या बहुतेक मुलांना संशोधकांनी सोळा वर्षं धरून ठेवलं आणि २०२२ साली निष्कर्ष मांडले. पूर्ण आणि टिकून बरी झालेली साधारण दहात एक. तेवढीच सतत त्रासात. बाकी बहुतेकांचं पाणी वर-खाली होत राहिलं; काही वर्षं ठीक, मग पुन्हा अवघड. त्यामुळे मी तारीख देत नाही. वर्षातून एकदा सुट्टीत थांबवून पाहतो आणि पुन्हा ठरवतो.

सध्या या ठरवण्यात एक नववीतला मुलगा माझ्याशी भांडतो आहे. कांद्याच्या व्यापाऱ्यांचाच मुलगा. तिसरीत आला होता, आता मिसरूड फुटलंय. गोळी घेतली की मला जोक सुचत नाहीत, असं त्याचं म्हणणं. गॅदरिंगमध्ये त्याच्याकडे सूत्रसंचालन आहे. आईला गोळी एक दिवसही चुकायला नको आहे, पुढे दहावी आहे. वडील मुलाच्या बाजूने आहेत आणि मधूनच उठून फोनवर भाव सांगून येतात. आम्ही असं ठरवलं की आता वही आईने नाही, त्याने स्वतः लिहायची. तालमीचे चार दिवस गोळीशिवाय, सहामाहीचे दिवस गोळीसकट, आणि दोन्हींचं काय झालं ते खरंखरं लिहायचं, जोकसकट. आईला हे फारसं पटलेलं नाही. पुढची तारीख गॅदरिंगनंतरची दिली आहे.